बुशला चुंबक लावला तर झीज खरंच कमी होते का?

आमच्या गल्लीतल्या आण्णांची सांगली-मिरज रोडला रसवंती आहे. परवा जाता जाता त्यांनी हाक मारली, "इकडं ये जरा, तू मेंटेनन्सला हायस न्हवं, सांग बघू हे खरं का खोटं." हातात दोन काळ्या वड्या, एकमेकींना अशा चिकटलेल्या की सोडवताना आण्णांचं बोट चिमटलं. कुठल्यातरी प्रदर्शनात एका स्टॉलवरनं साडेआठशेला आणलेले चुंबक. बरोबर एक चकचकीत कागद, त्यावर लिहिलेलं की तेलाच्या नळीवर किंवा बेअरिंगजवळ हा चुंबक लावा, तेलाचे रेणू एका रांगेत येतात, घर्षण निम्मं होतं, झीज थांबते, आणि नायलॉनच्या बुशला तर खासच उपयोगी. आण्णांनी मागच्या सीझनलाच चरकाचे गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) बुश, म्हणजे फिरणारा दांडा (शाफ्ट) ज्यात बसतो ती नळकांडी, काढून नायलॉनचे बसवलेत, त्यामुळं ती शेवटची ओळ त्यांना आपल्यासाठीच छापल्यासारखी वाटली.

मी "थापा आहेत ओ" म्हणून मोकळा झालो आणि आल्याचा रस पिऊन घरी आलो. पण रात्री डोक्यात तेच. कारण प्रश्न तसा खुळा नाहीये. तेल लावलेल्या प्लॅस्टिकवर लोखंड घासताना शेजारी चुंबक ठेवला तर काय होतं, यावर प्रयोगशाळांत खरोखर काम झालंय आणि काही ठिकाणी फरकही दिसलाय. मग स्टॉलवाला खरं बोलत होता का? नाही. पण तो का चुकला हे सांगायला जरा मागनं सुरुवात करावी लागते.

घर्षण वेगळं, झीज वेगळी

बोलताना आपण दोन्ही एकच धरतो, तिथंच पहिली गडबड होते. घर्षण म्हणजे सरकताना होणारा अडथळा, आणि झीज म्हणजे सरकून सरकून गेलेला माल. पाटा-वरवंटा आठवा. वाटताना हात भरून येतो, म्हणजे घर्षण भरपूर, पण पाट्याला टाकी लावायला वर्षा-दोन वर्षांनी माणूस बोलवावा लागतो, म्हणजे झीज कमी. आता खडू घ्या, फळ्यावर कसा सरसर पळतो, पण तास संपेपर्यंत निम्मा होतो.

टेफ्लॉन हे त्या खडूच्या जातीचं. तव्यावरनं डोसा निसटतो तेच ते, घन पदार्थांत इतकं निसरडं फार थोडं सापडतं, पण नुसत्या टेफ्लॉनचा बुश केला तर तो लवकर झिजतो, म्हणून त्यात काचेचे तंतू, कार्बन नाहीतर ब्राँझची पूड मिसळतात. तेव्हा कोणी "घर्षण कमी झालं" म्हणालं की लगेच झीजपण कमी झाली असं धरायचं नाही, आणि उलटंपण नाही. घासण्याच्या या सगळ्या शास्त्राला ट्रायबॉलॉजी म्हणतात. हा शब्द तसा नवा आहे, 1966 साली ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीच्या अहवालामुळं तो रूढ झाला. त्याआधीपण लोक वंगण घालतच होते, फक्त त्याला नाव नव्हतं.

नायलॉन बसवतात कशाला

नायलॉन, टेफ्लॉन, पॉलिथिन ही सगळी पॉलिमर मंडळी, म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता, वाटीतल्या शेवयांसारखा. लोखंडावर घासताना यातला थोडा माल निघून लोखंडाला पातळ थरासारखा चिकटतो आणि पुढं प्लॅस्टिक प्लॅस्टिकवरच घासायला लागतं, म्हणून कोरडं राहिलं तरी ते गनमेटलसारखं लगेच ओरडत नाही. स्वस्त, हलकं, गंजत नाही, लेथवर लोण्यासारखं कापलं जातं, लांबच लांब पांढरी रिबीन निघते.

पण खोडीपण आहेत. एक म्हणजे उष्णता. लोखंडाच्या तुलनेत नायलॉनमधनं उष्णता साधारण 200 पट हळू वाहते, त्यामुळं घासून जी आग तयार होते ती तिथंच कोंडते. दुसरी खोड पाणी पिण्याची. साध्या नायलॉन सिक्सला पाण्यात मुरू दिलं तर वजनाच्या 9-10 टक्के पाणी ते पिऊन टाकतं आणि फुगतं. जूनमध्ये फिट बसवलेला बुश ऑगस्टमध्ये शाफ्टला आवळतो तो यामुळंच, टर्नरला उगाच शिव्या बसतात. ही पाण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आणि तिसरी, आजच्या विषयाला सगळ्यात महत्त्वाची: नायलॉन मऊ आहे. मधे कण आला की तो त्याला पोटात घेतो. ऐकायला हे चांगलंच वाटतं, की बुशने कचरा गिळला, शाफ्ट वाचला. पण कण पूर्ण आत गेला नाही, निम्मा बाहेर राहिला, तर तो बुश पॉलिश पेपरसारखा होतो. मग मऊ नायलॉन तसाच राहतो आणि कडक शाफ्टला चर पडतात. नवीन पोरांना हे पटतच नाही. "प्लॅस्टिकनं लोखंड कसं खाल्लं?" प्लॅस्टिकनं नाही खाल्लं बाबा, प्लॅस्टिकनं धरून ठेवलं आणि कणानं खाल्लं.

तेल नेमकं कुठं असतं

कृष्णेच्या घाटावर ओढून ठेवलेली नाव बघा. वाळूवर असताना ढकलायला चार माणसं लागतात, पाण्यात निम्मी गेली की दोन, आणि पूर्ण तरंगली की एका बोटानं सरकते. शाफ्ट आणि बुशमधे तेलाचं असंच आहे. वेग असेल तर फिरणारा शाफ्ट स्वतःच तेल ओढून खाली घेतो आणि त्यावर तरंगतो, मग लोखंड आणि नायलॉन एकमेकांना शिवतपण नाहीत. वेग कमी, वजन जास्त असेल तर नाव वाळूला टेकते. रिचर्ड स्ट्रिबेक नावाच्या जर्मन इंजिनीअरने 1902 च्या सुमारास हे मोजून आलेख काढला, तो आजही तसाच शिकवतात.

नाव टेकलेली असताना वाचवतो कोण? तर तेलातले काही रेणू, ज्यांचं एक टोक लोखंडाला घट्ट धरतं आणि शेपटी बाहेर राहते. गालिच्याचे धागे उभे असतात तसं. खाद्यतेलातली फॅटी ॲसिडं असलं काम छान करतात. एका थराची जाडी साधारण 2 नॅनोमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीत असे 35,000 थर मावतील. एवढ्याशा थरावर सगळी भिस्त.

रसवंतीचा चरक हळू फिरतो, उसाच्या दाबानं भार भरपूर, आणि गिऱ्हाईक आलं की चालू, गेलं की बंद. म्हणजे आण्णांची नाव कायम वाळूतच. म्हणून त्यांचे बुश झिजतात, तेल हलकं आहे म्हणून नाही.

चुंबक कोणाला धरतो

लोखंड, निकेल, कोबाल्ट आणि यांच्यापासनं केलेली काही मिश्रणं. रोजच्या वापरात संपली यादी.

बाकीच्यांवर काहीच परिणाम होत नाही असं मात्र नाही. पाणी, तेल, नायलॉन, आपलं अंग, यांना चुंबक ओढत नाही, उलट अगदी किंचित लांब ढकलतो. किती किंचित? 1997 साली नेदरलँड्समध्ये आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी जिवंत बेडूक चुंबकाच्या जोरावर हवेत तरंगवला, त्याला साधारण 16 टेस्ला लागले. टेस्ला हे चुंबकाचा जोर मोजायचं माप. फ्रिजवर चिकटवायचं स्टिकर टेस्लाच्या शंभराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी, आण्णांच्या हातातला निओडायमियमचा चुंबक अंगाला टेकवून फार तर अर्धा टेस्ला, आणि एक-दोन इंच लांब गेलं की तो जोर झपाट्यानं पडतो. (बेडकाला काही झालं नाही. गाइम यांना त्यासाठी 2000 साली गमतीचं इग नोबेल मिळालं आणि 2010 ला वेगळ्या कामासाठी खरं नोबेल, दोन्ही घरी असलेला माणूस.)

आता ते "तेलाचे रेणू रांगेत येतात" बघू. तेल गरम नसलं तरी साध्या खोलीच्या तापमानाला त्याचे रेणू सतत एकमेकांना ढोसत असतात, ती उष्णतेची ढकलाढकल. एका सुट्या (जोडीदार नसलेल्या) इलेक्ट्रॉनला चांगला 1 टेस्लाचा चुंबक जितका वळवू बघतो, त्याच्या साधारण 450 पट जोर या ढकलाढकलीचा असतो. श्रावणी सोमवारी हरिपूरच्या यात्रेत गर्दी रेटारेटी करतीय आणि एकजण कानात कुजबुजतोय "रांगेत चला, रांगेत चला", तसा प्रकार. आणि साध्या तेलाच्या रेणूत असा सुटा इलेक्ट्रॉन नसतोच, म्हणजे इथं तर कुजबुजणारापण मुका आहे.

"पण एमआरआयमध्ये शरीरातले अणू रांगेत येतातच की?"

हा आक्षेप माझ्या पुतण्याने घेतला, आणि बरोबर घेतला. येतात, पण किती? 1.5 टेस्लाच्या मशीनमध्ये पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांपैकी 10 लाखांत साधारण 5 एवढीच जास्तीची एका दिशेला झुकतात. तेवढ्यावर फोटो निघतो, ही मशीनची कमाल. रेणू जागचे हलत नाहीत, त्यांचा घट्टपणा बदलत नाही. मिरजेला एमआरआय काढून आलेल्या माणसाचं रक्त काही सुरळीत धावायला लागत नाही आणि पोटावरची चरबीपण पातळ होत नाही, झाली असती तर बाहेर लाईन लागली असती.

म्हणजे तेलावर आणि नायलॉनवर चुंबकाचा थेट परिणाम जवळपास शून्य. मग राहिलं कोण? लोखंड. शाफ्टचं लोखंड आणि तेलात तरंगणारी लोखंडाची बारीक पूड. माझं म्हणणं एवढंच आहे: चुंबकाचा जो काही खेळ आहे तो या पुडीशी आणि शाफ्टशी, तेल आणि प्लॅस्टिक नुसते प्रेक्षक.

मग प्रयोगात फरक दिसतो तो कसला

प्रयोगाचं मशीन साधं असतं. खाली फिरणारी लोखंडी चकती, वर दाबून धरलेली प्लॅस्टिकची कांडी, जुन्या ग्रामोफोनच्या सुईसारखी, आणि कांडीच्या दांड्याला किती ओढ बसते ते मोजणारा काटा. तेलाचा थेंब टाकायचा, एकदा चुंबक न लावता चालवायचं, एकदा लावून. असे प्रयोग वेगवेगळी प्लॅस्टिकं, खनिज तेलं, खाद्यतेलं घेऊन झालेत आणि निकाल एका दिशेला जात नाहीत, तेल बदललं की बदलतात, प्लॅस्टिक बदललं की बदलतात. असं झालं की आमच्याकडं म्हणतात, एकाच आजाराचे पाच डॉक्टर. कारणं शोधायला बसलं तर संशयित बरेच निघतात.

सगळ्यात साधा संशयित लोकांच्या लक्षातच येत नाही, तो म्हणजे ओढ. चकती लोखंडी, दांडा लोखंडी, त्यांच्यात चुंबक ठेवला की दोघं एकमेकांकडं ओढले जाणार, म्हणजे कांडीवर तुम्ही ठेवलेल्या वजनाशिवाय चुंबकाचं वजन गुपचूप वाढलं. काटा जास्त दाखवणार, आणि आपण म्हणणार चुंबकामुळं घर्षण वाढलं. अहो भाजीवाल्यानं तराजूखाली चुंबक लावला तर वांगी जड होत नाहीत.

दुसरा म्हणजे गरमी. तारेच्या कॉइलचा विद्युत चुंबक वापरला तर कॉइल तापते, ती उष्णता तेलाला लागते, तेल पातळ होतं, नायलॉन नरम पडतं. मग जो फरक दिसला तो चुंबकाचा का शेगडीचा?

तिसरा खरा आहे, आणि जुना अभ्यासलेला. लोखंडावर लोखंड कोरडं घासताना चुंबक लावला तर झीज बऱ्याचदा कमी होते, हे पक्कं झालेलं आहे. 1977 साली मुजू आणि घोष या भारतीय जोडीनं यावर गणित मांडलं होतं, पुढं फ्रान्स आणि जपानमध्येही काम झालं. होतं असं की निघालेली पूड पळून न जाता तिथंच धरली जाते, पुन्हा पुन्हा भरडून अगदी मैदा होते, हवेतल्या ऑक्सिजननं काळी पडते आणि तोच काळा मैदा दोन लोखंडांच्या मधे गादीसारखा बसतो. ऑक्सिजन स्वतः चुंबकाकडं किंचित ओढला जातो, त्याचाही हातभार असावा असं काही जण मानतात. पण बघा, हे सगळं कोरड्यात, हवेत, लोखंडावर लोखंड असताना. स्टॉलवाल्यांचे कागद बहुतेक इथनंच उचललेले असतात आणि मधला "कोरडं" हा शब्द गळलेला असतो. तेलात बुडालेल्या नायलॉनला हा नियम तसाच लावणं म्हणजे भाताचं माप घेऊन दूध मोजणं.

चौथा म्हणजे वीज. प्लॅस्टिक घासलं की त्यावर स्थिर वीज येते, केसातनं फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो तीच. काहींचं म्हणणं की चुंबक या विजेवर आणि तेलातल्या त्या गालिच्यासारख्या रेणूंवर परिणाम करतो. चुंबकाचा जोर हलणाऱ्या विजेवर पडतो हे बरोबर, पण इथं वेग सेकंदाला मीटरभर आणि वीज चिमूटभर, त्या जोराचा हिशेब मांडला तर तो बाकीच्यांपुढं नगण्य निघतो. मला तरी हा संशयित निर्दोष वाटतो.

आणि पाचवा, पूड. यावर जरा थांबू.

गिरणीवाल्याला हे आधीच माहीत आहे

पिठाच्या गिरणीत गेला असाल तर धान्य ओततात त्या टोपात एक चुंबक असतो. गव्हातनं आलेला खिळा, तारेचा तुकडा, पत्र्याचा कपटा तिथंच अडकतो. संध्याकाळी गिरणीवाला हाताने ते काढून खिडकीत टाकतो. समजा, कोणी शहाण्यानं तोच चुंबक जात्याच्या दोन दगडांच्या मधे बसवला तर? खिळा तिथंपण धरला जाईल, चुंबकाचं काम चोख, पण जात्याची वाट लागेल.

बस, निम्मा लेख या गिरणीत आहे. चुंबक पूड पकडतोच, प्रश्न असा की कुठं पकडतो. घासण्याच्या जागेपासनं लांब, तेल जिथं निवांत साठतं तिथं पकडली तर बुश वाचतो. काही बाइकच्या इंजिनच्या ड्रेन प्लगला आतनं चुंबकाचं बोंडूक असतं ते याच हिशेबानं, ऑइल बदलताना त्यावर राखाडी चिखल दिसतो. पण घासण्याच्या जागेलाच चुंबक लावला तर पूड नेमकी तिथं गोळा होते, मऊ नायलॉन ती अर्धवट गिळतो आणि मघाशी म्हटलं तसा पॉलिश पेपर तयार. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट तेल आणि कडक पूड मिसळूनच करतात, आपण ती फुकटात घरी बनवली असं होतं.

लोखंडावर लोखंड कोरडं असताना जी पूड गादी होते, तीच तेलातल्या नायलॉनमधे रुतून कानस होते. म्हणून एकाच चुंबकाचे दोन उलटे निकाल.

आण्णांच्या चरकाचं काय निघालं

आण्णांनी माझं "थापा" ऐकलंच नव्हतं, त्यांनी एक वडी बुशच्या बाजूच्या पट्टीला लावूनपण टाकलेली. चार दिवसांनी दुपारच्या मंदीत आम्ही कव्हर काढलं. वडीला आणि शाफ्टच्या कडेला मिळून काळी मिशी फुटलेली, ग्रीससारखी, पण ग्रीस बोटात मऊ लागतं, हे करकरलं. पांढऱ्या चिंधीवर पुसून चिंधीखालनं दुसरा चुंबक फिरवला तर त्यातले केस उभे राहून साळिंदरासारखे चालायला लागले. शेजारचा पेरूवालापण बघायला आला. बुश थोडा सरकवून आत बॅटरी मारली तर पांढऱ्या नायलॉनवर चार-पाच ठिकाणी बारीक चमचमणारे ठिपके.

हा काही प्रयोग नव्हे. चुंबक नसता तर किती ठिपके असते हे मला सांगता येणार नाही, आणि त्यातली काही पूड जुनीच असणार. पण चुंबकानं ती कुठं गोळा केली हे डोळ्यानं दिसलं. आण्णा म्हणाले, "म्हंजे मी पैसं दिऊन कचरा बोलावला की रं."

आणखी एक गोष्ट त्या चिंधीवर दिसली. साळिंदर चालून गेल्यावरपण मागं करडा गाळ उरला, त्याला चुंबकानं हात लावला नाही. ती रस्त्यावरची धूळ. धुळीतली वाळू साध्या शाफ्टच्या लोखंडापेक्षा कडक असते आणि चुंबकाला ती दिसतच नाही. नायलॉनचा भुगाही तसाच सुटतो. रोडच्या कडेला चरक असेल तर खरा वैरी ती वाळू, तिला रबरी सील आणि पुसायची चिंधी हेच औषध.

"नळीला बाहेरनं लावायचा म्हणतात, ते?"

नळी लोखंडी असेल तर चुंबकाची शक्ती नळीच्या जाडीतनंच फिरून परत येते, आत तेलापर्यंत फार थोडी पोचते. बिडाच्या गिअरबॉक्सला बाहेरनं चिकटवलं तरी तेच. लोखंड हे चुंबकाला अडवणारं सगळ्यात स्वस्त छप्पर आहे. ॲल्युमिनियमचं किंवा प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर मात्र आत जोर पोचतो.

"शाफ्ट स्टेनलेसचा आहे"

मग आधी चुंबक टेकवून बघा. 304 नंबरचं स्टेनलेस चुंबकाला जवळपास दाद देत नाही, 410 किंवा 420 धरतं. धरत नसेल तर विषयच संपला, खिशातले पैसे खिशात.

"इलेक्ट्रिक सायकलच्या मोटरमध्ये चुंबक आणि नायलॉन दोन्ही असतं, ते कसं चालतं?"

चांगला प्रश्न. चाकातल्या गिअरवाल्या मोटरमध्ये बाहेर निओडायमियमच्या पट्ट्या, आत ग्रीस लावलेले नायलॉनचे गिअर, सगळं मुठीएवढ्या जागेत. पण तिथं चुंबकाची शक्ती मुद्दाम लोखंडाच्या पत्र्यांमधनं फिरवलेली असते, मोटर चालते ती त्यामुळंच, गिअरपर्यंत उरलीसुरली पोचते. तिथले नायलॉनचे दात जातात ते चढावर डबलसीट घेतल्यानं, तापून नरम पडल्यानं. यवतेश्वरच्या घाटात पॅडल न मारता नुसती मोटर ताणायची आणि मग चुंबकाला दोष द्यायचा, हे बरं नव्हे.

चुंबकानं बदलणारं तेल असतं, पण त्यात लोखंड घालावं लागतं

1963 मध्ये नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी तेलासारख्या पातळ द्रवात चुंबकाला लागणारी अतिशय बारीक पूड टाकून चुंबकाकडं धावणारा द्रव केला. त्याला फेरोफ्लुइड म्हणतात, कण साधारण 10 नॅनोमीटरचे असतात, इतके बारीक की तळाला बसत नाहीत. स्पीकरमध्ये आणि फिरत्या शाफ्टच्या सीलमध्ये तो वापरतात, चुंबकच त्याला जागेवर धरून ठेवतो, गळू देत नाही. त्याच्याही आधी, 1948 च्या सुमारास, अमेरिकेत जेकब रॅबिनाऊ यांनी जरा मोठी, मायक्रॉनमधली लोखंडी पूड तेलात घालून दुसरा प्रकार केला, वीज सोडली की पातळ आमटीचं घट्ट पिठलं आणि बंद केली की परत आमटी. काही महागड्या गाड्यांच्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये ते असतं.

म्हणजे तेलाला चुंबकाचं ऐकायला लावता येतं, फक्त आधी त्याच्या पोटात लोखंड घालावं लागतं. नायलॉनचंही तसंच, त्यात लोखंडाची पूड मिसळून ओतलं तर तो बुश चुंबकाला ओळखेल. डब्यातल्या साध्या तेलाला आणि बाजारातल्या साध्या नायलॉन रॉडला ओळख नाही.

"मी स्वतः करून बघतो" म्हणणाऱ्यांसाठी

जरूर बघा, पण दोन फसवे खड्डे आहेत. पहिला, चुंबकाच्या जागी तेवढीच पितळी नाहीतर लाकडी वडी लावून तेवढेच दिवस, तेच तेल घालून चालवायला पाहिजे, नाहीतर चुंबक लावायच्या निमित्तानं आपण सफाई केली, नवीन तेल घातलं, त्याचंच श्रेय चुंबकाला जातं. असल्या बऱ्याच वस्तूंचा "अनुभव" इथंच तयार होतो. दुसरा, बुश वजन करून झीज मोजू नका. नायलॉन पाणी पितं हे वर सांगितलंय, महिनाभर रसाच्या ओलीत राहिलेला बुश झिजूनसुद्धा जड भरेल आणि तुम्ही म्हणाल झीज उलटी झाली. आतलं माप घ्या, बोअर गेज नसेल तर ओळखीच्या लेथवाल्याकडं जा, चहात काम होईल. आणि शाफ्टचंपण माप घ्या, बुश शाबूत आणि शाफ्ट बारीक हा प्रकार मी दोनदा पाहिलाय.

एक शेवटचं, चुंबक काढला तरी शाफ्टमध्ये थोडं चुंबकत्व उरू शकतं. सरफेस ग्राइंडरच्या चुंबकी टेबलवरनं उतरलेला जॉब आम्ही डीमॅग्नेटायझरवरनं (चुंबकत्व उतरवणाऱ्या यंत्रावरनं) फिरवूनच पुढं देतो, नाहीतर तो शॉपभर हिंडून बुरादा गोळा करत बसतो.

आण्णांच्या चरकाच्या गिअरबॉक्सचं झाकण ॲल्युमिनियमचं निघालं, त्याला चुंबक आपोआप चिकटत नाही, तेव्हा एक वडी आम्ही आतल्या बाजूनं, तेल साठतं त्या कोपऱ्यात, दातांपासनं लांब, कापडी पिशवीत गुंडाळून तारेनं पक्की आवळून टाकली. बुश आणि शाफ्ट रॉकेलनं धुतले, धुळीसाठी जुन्या ट्यूबचं रबर कापून वायसर केला आणि दिवसाला दोनदा तेल घालायचं ठरलं, सकाळी उघडताना आणि दुपारी चारला. त्या वडीवर महिन्याभरानं काय साठलंय ते काढून बघायचंय.

दुसरी वडी रसवंतीच्या फ्रिजवर रेटकार्ड धरून आहे. हाफ 15, फुल 25, आलं-लिंबू फुकट.